गन शोला अजून जावं का? अमेरिकेतल्या नव्या हौशी मराठी मंडळींसाठी

ओक्लाहोमातल्या टल्साच्या एक्स्पो स्क्वेअरमध्ये भरलेल्या गन शोत, म्हणजे बंदुकांच्या बाजारात, एका कोपऱ्यातल्या टेबलावर, गंजलेल्या पत्र्याच्या डब्यात, पॉइंट थ्री नॉट थ्रीची दहा-बारा सुटी काडतुसं पडली होती. टेबलामागच्या आजोबांना विचारून मी एक उचललं आणि बुडावरचा छाप उजेडाकडे धरला. के, एफ, आणि सालाचे दोन आकडे: ४२. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी. आपली खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी, १८६९ पासूनची. माझे मामा तिथे नोकरीला होते, आणि त्यांच्या क्वार्टर्सच्या गल्लीत सुट्टीभर आम्ही क्रिकेट खेळायचो. त्या गल्लीपलीकडच्या कारखान्यात महायुद्धाच्या काळात भरलेलं काडतूस ओक्लाहोमात माझ्या तळहातावर होतं. आजोबांना केएफचा अर्थ माहीत नव्हता. मी सांगितला, तसं त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि पुढचा पाऊण तास मी तिथून हललो नाही.

"सगळं ऑनलाइन मिळतं, मग गन शोला जाण्यात आता काय अर्थ आहे?" हा प्रश्न मला मंडळाच्या कार्यक्रमात एखादा तरी नवा हौशी मुलगा विचारतोच. माझं उत्तर असं: नवी कोरी बंदूक स्वस्तात पडेल म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. जुनी शस्त्रं हातात घेऊन बघायची असतील, छाप आणि नंबर वाचायला शिकायचं असेल, जाणत्या माणसांशी बोलायचं असेल, तर नक्की जा. आणि फार वर्षं थांबू नका, कारण त्या टेबलांमागची माणसं सत्तरी-ऐंशीची आहेत.

स्वस्ताई कुठे गेली

पूर्वी गन शो म्हणजे शनिवार-रविवारचा आठवडी बाजारच होता. दुकानापेक्षा भाव कमी, काडतुसांचे खोके ढिगाने, आणि रशियाची मोसिन-नागान्त रायफल शंभर डॉलरच्या आत. २०१० च्या सुमारासही हा भाव दिसायचा. आज तीच रायफल कैक पटींनी महाग आहे. परदेशी सैन्यांच्या कोठारांतून येणारा जुना माल आटला, रशियाच्या कंपन्यांवर २०१४ पासून निर्बंध आले, आणि २०२१ मध्ये रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवानेही बंद झाले. त्यात २०२० ची झुंबड. त्या एका वर्षात एफबीआयच्या यंत्रणेतून सुमारे ३ कोटी ९७ लाख पार्श्वभूमी तपासण्या झाल्या, त्याआधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त.

पण मला विचाराल तर खरा फरक फोनने पाडला. आता प्रत्येक विक्रेत्याच्या खिशात गनब्रोकरचा, म्हणजे बंदुकांच्या ऑनलाइन लिलावाच्या साइटचा, भाव असतो. आजोबांच्या माळ्यावर सापडलेली कोल्ट कुणी दोनशेला देऊन टाकेल, ही शक्यता जवळपास संपली. उलट शोमध्ये टेबलाचं भाडं, हॉटेल, पेट्रोल हे सगळं किमतीत चढतं. नवी ग्लॉक किंवा रुगर घ्यायची असेल तर गावातलं दुकान बरं. ऑनलाइन मागवली तरी ती तुमच्या घरी येत नाही, जवळच्या परवानाधारक दुकानात येते, आणि तिथे हस्तांतराचे पंचवीस-पन्नास डॉलर भरून घ्यावी लागते. हा खर्च धरूनही ती बऱ्याचदा शोपेक्षा स्वस्त पडते. काडतुसांचंही तसंच. गोळीमागे किती सेंट पडले हा हिशेब घरून करून जा, म्हणजे टेबलावरचा "आजचा खास भाव" किती खास आहे ते लगेच कळतं.

पहिली पायरी: बंदुकीआधी आपला व्हिसा

हा भाग नीट वाचा. आपल्या लोकांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

एच-१बी, एल-१, एफ-१ हे सगळे नॉनइमिग्रंट व्हिसे आहेत. अशा व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं विकत घेणं, जवळ बाळगणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. "कुणी बघत नाही", "टेक्सासमध्ये सगळं चालतं" असं म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका. कायदा केंद्राचा आहे, टेक्सासचा नाही. त्याला अपवाद आहेत. कुठल्याही राज्याचा चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला सगळ्यात माहितीतला. बऱ्याच राज्यांत त्यासाठी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. हा कोर्स शिकार न करणाऱ्यानेही करावा असं माझं मत आहे, कारण शस्त्र हाताळण्याची शिस्त त्यात फार चांगली शिकवतात. रेंजवर भाड्याने बंदूक घेऊन उडवणं हेही बाळगण्यातच येतं. म्हणून काही रेंजवाले व्हिसावाल्याकडे हा लायसन्स आधी मागतात.

ग्रीन कार्डवाल्याला बंदूक विकत घेता येते. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर मात्र ग्रीन कार्डही वाचत नाही, हद्दपारीची वेळ येते. म्हणून आपल्यासाठी "बघू, होईल काहीतरी" हा मार्ग नाही.

यातच एक गोष्ट येते जी मी स्वतःच्या दिवाणखान्यात ऐकली आहे. "तुझं ग्रीन कार्ड आहे ना? तू तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो." चांगला मुलगा, मनात काही वाईट नाही. मी त्याला समोर बसवून समजावलं की याला इथे स्ट्रॉ परचेस म्हणतात, आणि २०२२ च्या कायद्यानंतर त्याला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग आहे. परवानाधारक विक्रेत्याकडून बंदूक घेताना भरायच्या केंद्र सरकारच्या फॉर्म ४४७३ वर स्पष्ट विचारलेलं असतं: ही बंदूक खरोखर तुम्ही स्वतःसाठी घेताय का? दुसऱ्यासाठी घेत असताना तिथे "होय" लिहिलं की झाला गुन्हा, मग पुढे त्या बंदुकीचं काहीही होवो. सख्ख्या भावासाठीसुद्धा करू नका.

मग व्हिसावाल्याने शोला जाऊच नये का? जावं. आत जाऊन बघायला, बोलायला, पुस्तकं, पदकं, संगिनी, तलवारी बघायला कुठलीही आडकाठी नाही. बंदुका हातात घ्यायच्या टाळाव्यात, एवढंच. आणि एक खिडकी उघडी आहे: १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत "फायरआर्म" धरलं जात नाही, ते अँटिक. ठासणीच्या बहुतेक बंदुकाही त्यातच येतात. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून घेण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचा आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. पण व्हिक्टोरिया राणीच्या काळातली मार्टिनी-हेन्री रायफल अभ्यासायला ग्रीन कार्डाची वाट बघावी लागत नाही, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

दुसरी पायरी: कुठला शो

सगळे शो सारखे नसतात. एका ठिकाणी बीफ जर्की, झेंडे, टी-शर्ट, स्वस्त चाकू आणि प्लॅस्टिकच्या होल्स्टरांचे डोंगर असतात, आणि मधूनमधून चार दुकानदार त्याच त्या काळ्या रायफली मांडून बसतात. नवखा माणूस असा एक शो बघतो आणि "काही अर्थ नाही" म्हणून परत येतो. त्याचं चुकत नाही, त्याने शो चुकीचा निवडला एवढंच.

टल्साचा वानेनमाकर शो हा दुसऱ्या टोकाचा. १९५५ पासून चालू आहे, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये. एकाच छपराखाली सुमारे अकरा एकर आणि चार हजारांवर टेबलं. दोन दिवसांतही पुरा होत नाही. केंटकीतल्या लुइव्हिलचा नॅशनल गन डे हाही मोठा. अस्सल जुन्या मालासाठी मेरीलँडमध्ये टिमोनियमला भरणारा बॉल्टिमोर अँटिक आर्म्स शो बघावा. तिथे आधुनिक बंदुकांचा बाजार नसतो. ओहायो गन कलेक्टर्स असोसिएशन १९३७ पासूनची. त्यांचं प्रदर्शन सभासदांसाठी असतं, म्हणजे आधी सभासद व्हावं लागतं किंवा सभासदाची ओळख काढावी लागते. ती खटपट करण्याजोगी आहे. वॉशिंग्टनजवळ राहणाऱ्यांना शँटिलीच्या डलस एक्स्पो सेंटरमधला शो सोयीचा. काडतुसांचीच आवड असेल तर सेंट लुइसला काडतूस-संग्राहकांचा वेगळा मेळावा भरतो. लास व्हेगसचा शॉट शो मात्र फक्त व्यापाऱ्यांसाठी आहे. तिकीट काढून आत जाता येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी आधी चौकशी करावी. तिथे २०२२ च्या कायद्याने सरकारी मालकीच्या जागांवर बंदुकांच्या विक्रीला बंदी घातली. बहुतेक फेअरग्राउंड सरकारी, त्यामुळे जुने ओळखीचे शो बंद पडले किंवा हलले. बे एरियातला माझा एक मित्र आता शेजारच्या नेव्हाडातल्या रीनोला जातो. तिथे बघतो, शिकतो, विकत काही घेत नाही, कारण परराज्याची अडचण येते. ती पुढे सांगतो.

ओळखायची सोपी खूण म्हणजे शोच्या जाहिरातीतला फोटो. त्यात काचेच्या पेट्या, जुनं लाकूड, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या दिसल्या तर जा. नुसते झेंडे आणि टी-शर्ट दिसले तर घरी बसा.

तिसरी पायरी: पिशवीत काय

एक छोटा बोअर लाइट, म्हणजे नळीत टाकायचा वाकडा दिवा. एक भिंग, दहा पटींचं. मऊ फडकं. वही-पेन. रोख पैसे, कारण कार्डावर बहुतेक जण तीन टक्के वर लावतात. चालायचे बूट. ड्रायव्हिंग लायसन्सवर सध्याचाच पत्ता असू द्या. घर बदललं आणि पत्ता बदलायचा राहिला म्हणून खरेदी अडलेली मी दोनदा पाहिली आहे.

विकायला किंवा किंमत विचारायला स्वतःची बंदूक नेत असाल तर ती घरीच रिकामी करा. दारात तपासतात आणि प्लॅस्टिकची पट्टी आवळून बंद करतात. कॅरी परमिट, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगून फिरायचा परवाना, असलं तरी भरलेलं पिस्तूल आत नेता येत नाही, बहुतेक शोंचा हा नियम असतो, आणि तो योग्यच आहे. १९ जानेवारी २०१३ या एका दिवशी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉली, ओहायोतल्या मेडायना आणि इंडियानापोलिस इथल्या तीन शोंमध्ये मिळून पाच जण जखमी झाले. रॉलीत तर तपासणीसाठी पिशवी उघडतानाच शॉटगनचा बार उडाला. "रिकामीच आहे" या शब्दांवर कधीही विसंबू नका, स्वतःच्या शब्दांवरही नाही.

चौथी पायरी: आत गेल्यावर

पहिली फेरी हात मागे बांधून. काही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं आणि वहीत टेबल क्रमांक लिहायचा. मोठ्या शोमध्ये "नंतर येतो" म्हटलेलं टेबल पुन्हा सापडत नाही.

हात लावण्याआधी विचारा, प्रत्येक वेळी. उचलल्यावर नळीचं तोंड छताकडे किंवा जमिनीकडे, माणसाकडे कधीच नाही. बोट चापाबाहेर. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा, उघडून आत डोळ्याने बघा, अंधार असेल तर करंगळी घालून खात्री करा, मग पुढचं. रिकामा घोडा पाडून बघायची सवय इथे सोडा. जुन्या बंदुकीची फायरिंग पिन तुटू शकते आणि मालकाला ते आवडत नाही. बोटं पोलादाऐवजी लाकडावर ठेवा. घामाचा ठसा रात्रीत गंज धरतो. ठेवताना जिथून उचलली तिथेच, तशीच.

दुसऱ्याचा सौदा चालू असेल तर तोंड उघडू नका. किंमत चुकीची वाटली तरी नाही. तुमचं बरोबर असलं तरी त्या हॉलमध्ये तुमची पत जाते, आणि ही मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखतात.

एक रायफल जवळून

कशी तपासायची हे एका उदाहरणाने सांगतो, आणि उदाहरण आपल्याच देशाचं घेतो. अमेरिकेच्या शोमध्ये ईशापूरची २ए१ अजून दिसते. चीनच्या युद्धानंतर साठच्या दशकात बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीने जुन्या ली-एनफील्डचाच साचा घेऊन ही ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसासाठी बनवली. हिचीच थोरली बहीण पॉइंट थ्री नॉट थ्री आपण लहानपणी पोलीस शिपायांच्या खांद्यावर पाहिलेली आहे, त्यामुळे लांबून दोघी सारख्या वाटतात. जवळून बघा. २ए१ चं मॅगझिन जास्त चौकोनी असतं, आणि नेम धरायची मागची पट्टी आठशे मीटरपर्यंतच आखलेली असते. आधीच्या २ए वर ती दोन हजारांपर्यंत असते.

आता भिंग काढा. बोल्टच्या मुठीजवळ, कुंदा जिथे पोलादी खोबणीत शिरतो तिथे उजव्या बाजूला, आरएफआय (रायफल फॅक्टरी ईशापूर), मॉडेल आणि साल वाचा. मग नंबर जुळवा: रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग) आणि बोल्टच्या मुठीमागचा आधी, मग पुढच्या टोकाच्या पोलादी टोपीवरचा, म्हणजे नोजकॅपवरचा. सगळे एक असतील तर उत्तम. बोल्टचा वेगळा असेल तर भाव कमी व्हायला हवा, आणि उडवायची असेल तर आधी गनस्मिथला दाखवायला हवी, कारण बोल्ट आणि काडतूस बसतं त्या चेंबरमधलं अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात, ते चुकलं तर काडतुसाचं बूड फुटून वायू तोंडावर येतो.

माझी पहिली ईशापूर मी "ऑल मॅचिंग" म्हणून घेतली. विक्रेता बोलायला गोड होता, एका सैनिकाची लांबलचक गोष्ट सांगत होता, आणि मी गोष्टीचे दीडशे डॉलर जादा दिले. वर्षभराने दुसऱ्या शोमध्ये एका जुन्या संग्राहकाने ती रायफल उजेडात तिरकी धरली. बोल्टवरच्या आकड्यांभोवतीचा पोलाद शेजारच्यापेक्षा किंचित खोल आणि गुळगुळीत होता. जुना नंबर कानसीने घासून नवा ठोकलेला. त्यांनी माझ्या अंगठ्याचं नख त्या जागेवरून फिरवलं, "आता विसरणार नाहीस," म्हणाले. नाही विसरलो. नखाला लागलेला तो खड्डा कुठल्याच फोटोत दिसला नसता, म्हणून मी अजून शोला जातो.

नळीत दिवा टाका. आटे ठसठशीत दिसले पाहिजेत. मधेमधे काळे खड्डे दिसले तर समजा की जुन्या काडतुसांतल्या क्षारांनी नळी खाल्ली आहे. त्या पिढीच्या काडतुसांची टोपी उडाल्यावर मागे क्षार राहतात, पाण्याने धुतल्याशिवाय ते जात नाहीत, आणि कित्येकांनी ती धुतलीच नाही. लाकूड उलटं करून बघा: चिरा, भरलेला भुसा, नवं पॉलिश. पुढचा भाग तांब्याच्या तारेने गुंडाळलेला असेल तर ती ग्रेनेड फेकण्यासाठी मजबूत केलेली रायफल. "फार दुर्मिळ" म्हणून भाव चढवतील, चढू देऊ नका. नळीवर बारीक अक्षरांत अमेरिकी आयातदाराचं नाव कोरलेलं असतं. १९६८ च्या कायद्यापासून आयात बंदुकीवर अशी खूण लागते. सैनिकाने युद्धातून स्वतः घरी आणल्याची गोष्ट सांगणारा भेटला तर ही खूण आधी शोधा. खूण असेल तर गोष्ट खोटी.

खोट्या मालातली मला सगळ्यात शिकवणारी वाटते ती खैबर खिंडीतली नक्कल. तिकडच्या कारागिरांनी हाताने बनवलेल्या मार्टिनी-हेन्री आणि एनफील्ड अफगाणिस्तानातून अमेरिकी सैनिकांबरोबर इकडे आल्या. काम बघून थक्क व्हायला होतं. पण छाप वाचा: मुकुट, खाली व्ही. आर., म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना, आणि खाली १९०८. राणी १९०१ मध्ये वारली. कधी इंग्रजी एन उलटा कोरलेला असतो, कारण ठोकणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. भिंतीवर टांगायला ही वस्तू सुरेख आहे, नकलेच्या भावाने घ्या. तिच्यात काडतूस मात्र कधीच घालू नका. त्यातलं पोलाद कुठल्या रुळाचं की कशाचं, कुणी सांगू शकत नाही.

पाचवी पायरी: भाव

तुळशीबागेची सवय इथे बाहेर ठेवा. निम्म्याने मागितलं तर समोरचा दुखावतो आणि बोलणं संपतं. "तुमचा शेवटचा भाव काय?" असं शांतपणे विचारा. पाच-दहा टक्के सुटतात, रोख असेल तर थोडे जास्त. काय विचारायचं ते घरून ठरवून जा: गनब्रोकरवर लोक मागतात ते भाव बघू नका, विकल्या गेलेल्या मालाचे बघा.

वेळेचं गणित विचित्र आहे. उत्तम जुना माल शनिवारी पहिल्या तासात जातो. खरं तर त्याआधीच टेबलवाले आपापसांत उचलतात. रविवारी दुपारी सामान परत गाडीत भरायचा कंटाळा आल्यावर भाव उतरतात, पण तेव्हा उरलेलंच असतं. शिकायला शनिवार, पुस्तकं आणि सुटे भाग घ्यायला रविवार, असं मी करतो.

सहावी पायरी: कागद

परवानाधारक विक्रेता, ज्याला एफएफएल म्हणतात, तो शोमध्येही दुकानासारखाच बांधलेला असतो. फॉर्म ४४७३ भरायचा, ओळखपत्र दाखवायचं, आणि तो फोनवर किंवा संगणकावर एनआयसीएस, म्हणजे एफबीआयच्या यंत्रणेतली पार्श्वभूमी तपासणी, करतो. ही यंत्रणा १९९८ पासून आहे. ग्रीन कार्डवाल्याने कार्डावरचा एलियन नंबर हाताशी ठेवावा. उत्तर तीनपैकी एक येतं: पुढे चला, थांबा, किंवा नाही. "थांबा" आलं तर घाबरू नका; आपल्या नावांच्या स्पेलिंगमुळे ते येऊ शकतं. तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर न आल्यास केंद्रीय कायदा विक्रेत्याला बंदूक द्यायची मुभा देतो. काही राज्यांत मुदत जास्त आहे, आणि एकवीसच्या आतल्या ग्राहकांसाठी २०२२ पासून तपासणी वाढवली आहे. एफएफएलकडून पिस्तूल घ्यायला एकवीस वर्षं पूर्ण लागतात, रायफल-शॉटगनला अठरा. फॉर्मवर गांजाबद्दल प्रश्न असतो. तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी नाही, तेव्हा उत्तर विचार करून आणि खरं द्या.

परराज्याची अडचण अशी: दुसऱ्या राज्यात पिस्तूल पसंत केलं तर ते हातात मिळत नाही, तुमच्या राज्यातल्या एफएफएलकडे पाठवावं लागतं. रायफल एफएफएलकडून मिळू शकते, पण दोन्ही राज्यांचे कायदे पाळूनच. परराज्यातल्या खासगी माणसाकडून मात्र थेट काहीच घ्यायचं नाही.

आता ज्यावर इतका वाद चालतो तो खासगी विक्रेता. परवाना नसलेला माणूस स्वतःच्या संग्रहातली बंदूक आपल्याच राज्यातल्या माणसाला विकत असेल तर केंद्रीय कायदा त्याच्याकडून तपासणी मागत नाही. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यूयॉर्क, ओरेगन, वॉशिंग्टन अशी राज्यं मात्र मागतात. माझं मत पक्कं आहे: राज्य मागो न मागो, तपासणी करूनच घ्या. शोमध्ये एखाद्या एफएफएलला सांगितलं की तो थोडे पैसे घेऊन ती करून देतो. बंदूक चोरीची निघाली तर तुमच्या हातात कागद असतो, आणि बाहेरून आलेल्या माणसाला त्या कागदाचा आधार फार मोठा आहे. जो विक्रेता याला नाक मुरडतो, त्याच्या टेबलावरून मी निघून जातो. विकताना तर मी तपासणीशिवाय विकतच नाही. माझी वस्तू कुणाच्या हाती गेली, हे मला माहीत असायला हवं.

संग्रह वाढणार असेल तर संग्राहकांसाठीचा टाइप ०३ चा परवाना बघा. तीन वर्षांना तीस डॉलर, आणि पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या बंदुका त्यावर घेता येतात. नोंदवही मात्र काटेकोर ठेवावी लागते.

घरी आणि पुण्याला जाताना

गाडीत बंदूक रिकामी, कुलुपाच्या पेटीत, डिकीत, काडतुसं वेगळी. घरी मुलं असोत-नसोत, तिजोरी आधी घ्या, बंदूक नंतर. हात साबणाने धुतल्याशिवाय शोमधलं सँडविच खाऊ नका, जुन्या काडतुसांचं शिसं बोटांना लागतं.

आणि एक शेवटची गोष्ट. शोला किंवा रेंजवर नेलेली पिशवी भारतात जाताना कधीही वापरू नका. कप्प्यात राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर क्ष-किरणांत दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि मग सुट्टी वकिलाच्या कचेरीत आणि कोर्टात जाते. रिकामी पुंगळीसुद्धा नेऊ नका. बंदुकीचे सुटे भाग तर अमेरिकेबाहेर न्यायलाच निर्यातीचा परवाना लागतो. माझी शोची पिशवी लाल रंगाची आहे आणि ती गॅरेजमध्ये टांगलेली असते, बॅगांच्या कपाटात कधीच नाही.

ते खडकीचं काडतूस मला मामांना दाखवायचं होतं. न्यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून भिंगाखाली धरून बुडाचा फोटो काढला आणि पाठवला. दहा मिनिटांत फोन आला. मामा म्हणाले, "बेचाळीस आमच्या फार आधीचं. पण छाप तोच. अरे, त्याच्याबरोबर अजून कुठल्या सालाचे होते ते बघितलंस का?" नव्हते बघितले. नोव्हेंबरच्या शोमध्ये तो पत्र्याचा डबा शोधायचा आहे. टेबल क्रमांक वहीत लिहून ठेवला आहे.